न चाललेली बारा इंजिनं

त्या माणसाने खेळण्यातलं इंजिन उचललं, डोळ्यांशी धरलं आणि काही न विचारता उताणं केलं, तेव्हा मेट्रनबाईंना जे वाटलं ते लाजेच्या इतकं जवळचं होतं, की पडदा ओढण्यासाठी त्यांचा हात नकळत पुढे झाला. पडदा नव्हता. जेवणाचं टेबल होतं. टेबलावर त्यांनीच सकाळी अंथरलेली पांढरी चादर होती, तिचे चारही कोपरे वॉर्डातल्या पलंगासारखे घट्ट दुमडलेले होते, आणि खिडकीतून आलेल्या दहाच्या उन्हात ते हिरवं इंजिन न्हाऊ घालायला घेतलेल्या तान्ह्या बाळासारखं सगळी चाकं वर करून त्या परक्या माणसाच्या तळहातावर पडलं होतं. सदतीस वर्षं इस्पितळात काढलेल्या बाईला उघड्या अंगाचं काय अप्रूप! पण कुणालाही कूस बदलायला लावण्याआधी पडदा ओढायचा, हे त्यांनी पोरींच्या तीन पिढ्यांना आवाज न चढवता शिकवलं होतं. आणि हे पोट तर त्या स्वतःच पहिल्यांदा पाहत होत्या. काचेच्या कपाटातली बारा इंजिनं दर बुधवारी त्यांच्या हातून पुसली जात. चिमट्याला कापसाची पट्टी गुंडाळून त्या धुराड्यांच्या कडा, नखाएवढ्या खिडक्या, मुंगीने चढाव्यात अशा पायऱ्या साफ करत. पण रुळांकडची बाजू त्यांनी कधी पाहिली नव्हती. यजमानांनी फार पूर्वी सांगून टाकलं होतं, "वरचं तुझं, खालचं माझं. खाली तेल असतं, तुझे हात खराब होतील." वाटणी झाली ती झाली. जिने उभ्या आयुष्यात पलंगांखालून पांढरं फडकं फिरवून दुसऱ्यांची धूळ धरली, तिने स्वतःच्या घरातल्या बारा वस्तूंच्या खालून कधी बोट फिरवलं नाही. शब्द म्हणजे शब्द.

"बाई," तो माणूस म्हणाला, "ही गाडी चाललेली आहे."

"काय?"

"चाललेली आहे हो. थोडीथोडकी नाही, पार घासून गेलीय."

हा माणूस जुनी खेळण्यातली इंजिनं विकत घेई आणि शौकिनांना विकी. वर्तमानपत्रातली त्याची चार ओळींची जाहिरात बाईंनी स्वतः कात्रीने कापून ठेवली होती. यजमानांना जाऊन आठ महिने झाले होते आणि त्यांच्या नावाने इस्पितळाच्या जुन्या पुरुष-विभागात एक पलंग द्यावा, पायथ्याशी पितळी पट्टी असावी, असं बाईंनी ठरवलं होतं. एका सरळ, शब्दाला जागणाऱ्या माणसाचं याहून योग्य स्मारक त्यांना सुचत नव्हतं. "राहू देत ना कपाटात, आई. काय घाई आहे?" असं मुलगा दोनदा म्हणाला होता. पन्नाशीला टेकलेला, विमा कंपनीत हिशेबनीस असलेला हा मुलगा एरवी कुठल्याही गोष्टीला 'हो आई' म्हणणारा, म्हणून ते दोनदा म्हणणं बाईंच्या लक्षात राहिलं होतं. पण ठरवलेलं मोडायची त्यांच्याकडे रीत नव्हती. तासाभरापूर्वी तो खरेदीदार आला, पायपुसण्यावर पाय नीट पुसले म्हणून बाईंच्या मनातून अर्धा उत्तीर्ण झाला, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात एकावर एक रचलेली बारा मूळ खोकी पाहून त्याने चक्क कपाळाला हात लावला होता. "खोकीसुद्धा! अहो मावशी, लोक खोकी फेकून देतात आणि मग माझ्याकडे येऊन रडतात."

"मावशी म्हणू नका," बाई म्हणाल्या होत्या. "मावश्या माझ्या हाताखाली चाळीस होत्या."

"चुकलं, बाई. पण आमच्या धंद्यात इंजिन म्हणजे नवरदेव आणि खोकं म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाडाशिवाय आलेल्या नवरदेवाला कोण विचारतं?" मग त्याने भिंग लावून रंग पाहिला होता, अक्षरं पाहिली होती, एकही ओरखडा नाही म्हणून जिभेने चक् चक् केलं होतं, आणि विचारलं होतं, "आणि चालवलेली नाहीत ना?" "एकही नाही," बाईंनी सांगितलं होतं, नाडीचे ठोके सांगावेत तसं. "या घरात रूळच नाही." "मग भाव तिप्पट," तो म्हणाला होता. त्यानंतर त्याने ते हिरवं इंजिन उताणं केलं होतं.

आता तो भिंग त्यांच्या हातात देत होता. बाईंनी घेतलं. चाकांच्या कडांवर मुळात चांदीसारखा मुलामा असतो, तो म्हणाला. न चाललेल्या इंजिनाची चाकं आरशासारखी दिसतात. इथे मुलामा निघून खालचं पितळ वर आलं होतं, आणि पितळावरही मधोमध एक बारीक खाच पडली होती, जुन्या पायरीला पडते तशी. "अशी खाच पडायला वर्षं लागतात," तो म्हणाला. "हे बघा, आतल्या मोटारीचे कार्बनसुद्धा झिजून बदललेत. एकदा नाही, दोन-तीनदा. आणि तेल बघा, अजून ओलं. साहेबांनी फार जिव्हाळ्याने चालवलीय."

"तुमची काहीतरी चूक होते आहे."

"माझी चूक रंगात होईल बाई, चाकात नाही. चाक खोटं बोलत नाही."

"दुसरं बघा."

त्याने दुसरं उताणं केलं. तिसरं केलं. पांढऱ्या चादरीवर एकेक करून बारा इंजिनं पाठीवर निजली, आणि बाराही जणांचं दुखणं एकच निघालं. बाईंना आठवलं, एकदा रात्रपाळीच्या फेरीत त्यांनी एका पलंगाची चादर बदलायला लावली होती, तेव्हा महिनाभर निमूट पडून असलेल्या रोग्याच्या पाठीवर तळहाताएवढी जखम सापडली होती. वरून चेहरा असा शांत, की विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. त्या वेळी त्यांनी सगळ्या वॉर्डाला फैलावर घेतलं होतं. आता फैलावर कुणाला घ्यायचं? दारात मुलगा उभा होता. तो इंजिनांकडे पाहत नव्हता, आईकडेही पाहत नव्हता. फरशीच्या एका सांध्याकडे असा बघत होता, जणू तो सांधा बुजवायला त्याला नुकतंच कुणी सांगितलं आहे.

या घरात रूळ एकदाच पडले होते. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालत नसे, फिरत असे. बाई सलग दुसरी रात्रपाळी करून पहाटे परतल्या, दिवा न लावता बाहेरच्या खोलीतून आत निघाल्या आणि अनवाणी तळव्यात रुळाची कड घुसली. रक्त फारसं नव्हतं. पण त्याच आठवड्यात धनुर्वाताचा एक रोगी त्यांच्यासमोर धनुष्यासारखा वाकून गेला होता, आणि त्या दिव्याखाली बसून स्वतःचा पाय धुताना त्यांच्या तोंडून निघालं, "या घरात रूळ दिसता कामा नयेत." भिंगरी जागी होऊन कोपऱ्यात उभी होती. ती रडली नाही, नुसती बापाकडे पाहत राहिली. आणि बापाने एकेक तुकडा सुटा करून, पुसून, रुमालात बांधला. दुसऱ्या दिवशी घरात रूळ नव्हते. कुठे गेले, हे बाईंनी विचारलं नाही. दिलेला हुकूम पाळला गेला की नाही हे विचारायची गरज त्यांना कधी पडली नव्हती. यजमान भूमापन कचेरीत नकाशे काढत. दुसऱ्याने आखून दिलेल्या सीमेच्या आत सुबक काम करणं हाच त्यांचा स्वभाव आहे, असं बाईंनी धरून ठेवलं होतं. पुढे ते वर्षाला एखादं इंजिन आणत आणि सरळ कपाटात ठेवत, तेव्हा पाहुण्यांना बाई अभिमानाने सांगत, "आमच्याकडे खेळत नाही कुणी. नुसती शोभा."

"इथे बघा हं, गंमत आहे," खरेदीदार म्हणाला. त्याने खिशातून बारीक चिमटा काढला होता आणि चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या मागून काहीतरी ओढत होता. पिवळ्या लोकरीचा पुंजका होता तो, मोहरीएवढा. "गालिच्यावर चालवलेल्या गाडीच्या पोटात हे हमखास जमतं. तुमच्याकडे पिवळा गालिचा?"

"आमच्याकडे गालिचा नाही. गालिच्यात धूळ बसते."

"मग साहेब दुसरीकडे कुठेतरी रमत होते," तो हसला, आणि बाईंचा चेहरा पाहून हसू आवरून पुन्हा चिमट्याकडे वळला. "अन् हा केस. आसाला गुंडाळलेला. लांब आहे. बाईमाणसाचा."

जग कोसळताना मोठा आवाज होतो, अशी बाईंची समजूत होती. कसलाही आवाज झाला नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली, नळ दोन थेंब गळला. बाईंनी स्वतःच्या मानेला हात लावला. तिथे चाळीस वर्षांपासून टोपीखाली बसतील असे आखूड कापलेले केस होते. शनिवार, त्यांच्या मनात आलं. दर शनिवारी तीन ते सहा. यजमान जुन्या कचेरीतल्या मित्रांकडे जात आणि जाताना एखादं इंजिन 'तेलपाण्याला' एका कारागिराकडे टाकत. कुठला कारागीर? कुठले मित्र? अंत्ययात्रेला कचेरीतले दोघेच आले होते आणि त्यांनी यजमानांना दहा-दहा वर्षांत पाहिलेलं नव्हतं, हे तेव्हाच कानांवर पडलं होतं आणि कानांवरच राहिलं होतं. आणि इंजिन मऊ फडक्यात गुंडाळून, पिशवीत नीट बसवून, वर 'सांभाळून' असं म्हणून कोण देत होतं? त्यांचेच हात. घरच्या बाईने स्वतःच्या हाताने पुडी बांधून दिली, आणि नवरा ती घेऊन एका पिवळ्या गालिच्यावर, लांब केसांच्या कुणा बाईसमोर गुडघे टेकून बसला. ऐंशीला आलेला म्हातारा! बाईंना राग येईना, रडू येईना. फक्त बधिरता आली, टाके घालण्यापूर्वी सुई टोचल्यावर जशी कडेकडेने पसरत जाते तशी, ओठांपासून बोटांपर्यंत.

"विचित्र आहे," खरेदीदार स्वतःशीच बोलत होता. "तेल इतकं वेळच्या वेळी, आणि केस काढलेच नाहीत. असा टापटिपीचा माणूस ही चूक करत नाही." तो केस उलगडत होता. आस फिरत होता आणि केस सुटत होता. सुरुवातीचे काही वेढे पांढरे होते, मग अर्धे पांढरे, अर्धे काळे, आणि सगळ्यांत आत, चाकाला चिकटून, निव्वळ काळे. एक केस नव्हता तो; वर्षानुवर्षांचे केस एकावर एक बसले होते आणि आता उलट्या क्रमाने बाहेर येत होते. त्याने ते चादरीवर ठेवले. बाईंनी त्यांतला एक, काळा, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरला आणि सवयीने, वीतभर पुढे ओढला.

बोटांना डोळ्यांच्या आधी कळलं. केस सरळ नव्हता. दर दोन बोटांवर तो बारीक होत होता, वळत होता, पुन्हा जाड होत होता. फणीत अडकणारा, तेलाला न जुमानणारा केस. असा केस बाईंच्या आईला होता आणि नंतर जगात फक्त एका डोक्यावर होता. सोळा वर्षं, सकाळी पावणेसातला, गुडघ्यांमध्ये त्या डोक्याला पकडून बाईंनी तो विंचरला होता. "दुखतंय!" "मान सरळ." "आई, दुखतंय!" "हलशील तेवढं जास्त दुखेल." बधिरता जिथवर पसरली होती तिथून एकदम, एका दमात, मागे फिरली, आणि तिच्या जागी जे आलं त्याला वैद्यकात नाव नव्हतं. यजमान कुणा परक्या बाईकडे जात नव्हते. बावीस वर्षं, दर शनिवारी, ते भिंगरीकडे जात होते. आणि भिंगरीचे केस पांढरे झाले होते. या दोहोंतला मोठा धक्का कोणता, हे बाईंना ठरवता येईना. मनाच्या कुठल्या तरी कप्प्यात ती अजून बावीस वर्षांची, निळ्या काठाच्या गणवेशात, वॉर्डाच्या दारात उभी होती. ती चव्वेचाळीस वर्षांची झाली असेल असा हिशेब कुणी केलाच नव्हता.

भिंगरी त्यांच्याच इस्पितळात, त्यांच्याच हाताखाली शिकत होती. शेवटच्या वर्षी एका रात्री तिने एका म्हाताऱ्याला दिलेल्या औषधाची नोंद करायची राहून गेली, आणि पुढच्या पाळीच्या मुलीने तोच डोस पुन्हा दिला. म्हातारा चार तास जास्त झोपला आणि उठून दूध मागू लागला. कुणाला काही झालं नव्हतं, आणि कुणाला काही कळलंही नसतं. भिंगरी स्वतःहून आईच्या खोलीत आली आणि तिने सांगितलं. बाईंना आजही आठवतं, ती 'मेट्रन' म्हणाली नाही, 'आई' म्हणाली. आणि बाईंनी समोरचा अहवालाचा कागद ओढला. त्या रात्री लिहिलेलं एकही अक्षर खोटं नव्हतं. स्वतःच्या मुलीला झाकलं असतं तर उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्यांच्या मुलींना जाब विचारला असता? मुलीला शिक्षणातून काढून टाकलं. घरी येऊन तिने पिशवी भरली आणि दारात वळून म्हणाली, "तुला आई व्हायला सांगितलं नव्हतं. फक्त पाच मिनिटं मेट्रन होऊ नकोस, एवढंच सांगायला आले होते." त्या संध्याकाळी बाई जेवायला बसल्या आणि म्हणाल्या, "या घरात यापुढे तिचं नाव निघणार नाही." नवऱ्याने मान हलवली. मुलाने मान हलवली. बावीस वर्षं नाव निघालं नाही. केवढी शिस्त, बाईंना वाटायचं; घर असावं तर असं.

"हे बघा बाई," खरेदीदार खुर्ची पुढे ओढून आवाज उतरवून म्हणाला, "चाललेली म्हणून विकली तर किंमत एक तृतीयांश. जिवावर येतं, एवढा सुरेख रंग आहे. पण माझ्याकडे याच कंपनीची कोरी चाकं आहेत. चाकं बदलतो, पोट धुऊन काढतो, केसबिस सगळं साफ. या कागदावर 'न चाललेली' पुढे तुम्ही सही करायची. तुमच्यासारख्या बाईंची सही म्हटल्यावर कुणी भिंग काढणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्याने छापील कागद आणि पेन पुढे सरकवलं. खरं म्हणजे तो वाईट माणूस नव्हता. ज्या वस्तूवर त्याचं प्रेम होतं तिला कमी भाव यावा हे त्याला बघवत नव्हतं, इतकंच. बाई त्या कागदाकडे पाहत राहिल्या. कोरी चाकं. धुतलेलं पोट. पलंगाच्या पायथ्याशी पितळी पट्टी, तिच्यावर सरळ, शब्दाला जागणाऱ्या माणसाचं नाव. एका सहीने नवरा पुन्हा होता तसा होईल, घर होतं तसं होईल. बावीस वर्षांचे शनिवार चिमट्याने काढून केराच्या टोपलीत टाकता येतील. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी खोटी नोंद त्यांना इतकी स्वच्छ दिसली. नोंद लपवावीशी वाटणं म्हणजे काय, दाराशी उभं राहून 'आई' म्हणायला काय लागतं, हे सदतीस वर्षांच्या नोकरीत न कळलेलं त्यांना या पेनापुढे कळलं.

त्यांनी 'चाललेली' पुढे खूण केली. मग कागद उलटा करून त्याच्याकडे परत सरकवला, सही न करता.

"म्हणजे? विकायची नाहीत?"

"यांचा आणखी एक मालक आहे असं दिसतं. मला एकटीला विकता येणार नाहीत."

"त्यांना विचारून कळवा मग. सौदा हुकला तर हुकला, पण घाईत नका काढू," तो म्हणाला. केस कुठे टाकू असं विचारायला त्याने हात उचलला, पण बाईंनी नुसतं पाहिलं आणि तो हात मागे गेला. जाताना त्याने सगळी इंजिनं सरळ केली, चाकांवर उभी केली, आणि पायपुसण्यावर पुन्हा एकदा, जातानासुद्धा, पाय पुसले.

मुलगा अजून दारातच होता. बाई म्हणाल्या, "बस." तो बसला. पन्नास वर्षांचा माणूस, देहाने बापासारखा, समोर बसला की अजून हात मांडीखाली घेणारा.

"तुला माहीत होतं."

"हो, आई."

"तुझ्या बायकोला?"

"हो."

"आणखी कुणाला?"

"सगळ्यांनाच, आई. खालच्या दुकानदाराला पण. बाबा तिथूनच तिच्यासाठी बिस्किटं घ्यायचे."

"राहते कुठे?"

"इथून अकरा मिनिटं. नदीकडच्या रस्त्याने. एकटीच असते. आजारी म्हाताऱ्या माणसांना सांभाळते, घरोघरी जाऊन. बाबांनी ते जुने रूळ तिच्या खोलीत कायमचे जोडून दिलेत, पलंगाखालून जातात ते. दोघं पालथे पडून बघत बसायचे. बाबा उठताना ओरडायचे, कंबर धरायची ना." तो किंचित हसला आणि लगेच थांबला. "मी पण बसायचो कधीकधी."

अकरा मिनिटं. बाईंच्या डोळ्यांपुढे तीन मोठी माणसं पिवळ्या गालिच्यावर पालथी पडलेली आली, आणि पलंगाखालून एक हिरवं इंजिन सरसरत गेलं. अशा पलंगाखालून, जिथे त्यांचं फडकं कधी पोचलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, त्या हुकूम देतात आणि घर तो पाळतं. घर पाळत नव्हतं. घर त्यांना सांभाळत होतं, एखाद्या अवघड रोग्याला सांभाळावं तसं: वाद घालायचा नाही, हो म्हणायचं, पाठ फिरली की जे करायचं ते करायचं. असे रोगी त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. 'आजोबांना हो म्हणा गं,' असं त्या स्वतःच पोरींना शिकवत. बावीस वर्षं आपण त्या पलंगावर होतो, आणि बाकीचे सगळे पाळीवर होते.

"मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस," मुलगा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त खोल गेलं. "बाबा म्हणायचे, ती विचारेल. एक दिवस इंजिन उलटं करून बघेल आणि विचारेल. म्हणून ते केस काढायचे नाहीत. भिंगरी म्हणायची, 'काढा हो बाबा, मोटार जळेल.' ते म्हणायचे, 'राहू दे. तुझी आई पलंगाखालची धूळ सोडत नाही, हे कसं सोडेल?'"

बाईंनी डोळे मिटले. शब्द म्हणजे शब्द. आणि तो माणूस बावीस वर्षं, दर बुधवारी, शेजारच्या खोलीत वर्तमानपत्राआड बसून वाट पाहत होता की त्यांनी तो एकदा मोडावा.

"आणखी काय माहीत नाही मला?" त्यांनी विचारलं. प्रश्न विचारताना आवाज वर जातो की खाली, हेही त्यांना आता नीट आठवेना.

मुलाने मांडीखालचे हात बाहेर काढून टेबलावर ठेवले. "शेवटचा आठवडा," तो म्हणाला. "इस्पितळात. दोन ते चार तुला मी बळेच घरी पाठवायचो, पडून ये म्हणायचो."

"हो."

"ते भिंगरीसाठी."

इतकी वर्षं कुणालाही त्यांनी एकट्याने मरू दिलं नव्हतं. रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी, ताप अंगात असताना, वॉर्डात कुणी जाणार असं दिसलं की त्या खुर्ची ओढून हात हातात घेऊन बसत. आणि स्वतःचा नवरा गेला तेव्हा त्या घरी पलंगावर आडव्या होत्या. कुणी धड सांगितलं नव्हतं. झोपेत गेले, एवढंच. आठ महिने रोज पहाटे त्यांना एक हात दिसायचा, चादरीवर उघडा पडलेला, काही धरायला नसलेला. आणि त्या उठून बसायच्या. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"ती होती?"

"हो."

"हात—"

"तिच्या हातात होता. दोन्ही हातांत. मी बाहेरून औषध घेऊन आलो तेव्हा ती घड्याळ बघत होती. मला म्हणाली, तीन सतरा. डॉक्टरांना पण तेच सांगितलं तिने. मग तुझी यायची वेळ झाली म्हणून निघून गेली."

मृत्यूच्या दाखल्यावर तीन सतरा होतं. लोक सव्वातीन लिहितात, बाईंना तेव्हाच वाटलं होतं. आळशी पोरी पाचाच्या पटीत मरण लिहितात. ही कुणीतरी चांगली शिकलेली मुलगी असावी. त्या दुःखातही त्यांनी विभागात निरोप ठेवला होता, की त्या पाळीच्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी सांगा. निरोप कुणाला पोचला असेल, देव जाणे. आता त्यांच्या छातीतून एक आवाज निघाला. मुलाने तो जन्मात ऐकला नव्हता, म्हणून तो घाबरून उठला. बाईंनी हातानेच त्याला खाली बसवलं. नोंद न केल्याबद्दल ज्या मुलीला त्यांनी घालवलं होतं, तिने बापाच्या मरणाची नोंद मिनिटासकट करून आईसाठी खुर्ची मोकळी करून ठेवली होती.

ऊन टेबलाच्या कडेला सरकलं. मग बाईंनी चादरीचा एक दुमडलेला कोपरा सोडवला, पुन्हा दुमडला, आणि मुलाकडे न पाहता विचारलं,

"मी गेले तर दार उघडेल का ती?"

आईच्या कुठल्याही वाक्याला 'हो आई' हे उत्तर त्याच्या ओठांवर तयारच असे. ते आताही आलं. बाईंनी ते येताना पाहिलं, आणि त्यांनी हात वर केला, वॉर्डात सगळ्यांना गप्प करण्यासाठी करत तसा.

"खरं सांग."

"मला माहीत नाही, आई."

बाईंनी मान हलवली, टेबलाच्या आधाराने उभ्या राहिल्या आणि चपला शोधू लागल्या.